बांधाची माती

कमळाकरने पहार बांधात खुपसली आणि जोर लावायच्या आधीच ती हातभर आत गेली. त्याने ती उपसून काढली. भोकातून आधी काहीच आलं नाही. मग करंगळीएवढी धार आली आणि त्याच्या पायावर पडली. बांधापलीकडे खाडीला भरती चढत होती. त्याने वाकून धारेला बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारट.

"मी सांगलं नवतं, शेट?" मागून गोमा म्हणाला. "चिंबोऱ्यांनी पार पोखरलाय. अशी बारा-पंधरा हात जागा हाय."

गोमा कातकरी. बांधाच्या आतल्या अंगाला त्याची झोपडी होती. तो आणि त्याची बायको दिपा खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून पनवेलच्या बाजारात नेऊन विकत. अकरा गुंठ्यांच्या मालकाला शेट म्हणणारा तो एकटाच उरला होता, आणि तेही गमतीत म्हणत असावा. कमळाकरने त्याला कधी विचारलं नव्हतं.

त्याने मुठीने भोकात चिखल दाबला, वर टाच मारली. आज आषाढातली द्वादशी. पुनवेला तीन दिवस. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी एकच्या सुमाराला, वर्षातलं मोठं उधाण येतं. बांध असाच राहिला तर त्या दिवशी तो फुटून खांड पडणार आणि खाडी आत येणार, हे सांगायला पंचांग नको होतं.

बांधाच्या आत आता हिरवं असं एकच चौकोनी ठिकाण दिसत होतं. ते त्याचं शेत. बाकी सगळी जमीन विकली गेलेली, गवत माजलेली, मधेमधे सिमेंटचे खांब रोवलेली. शेताच्या एका कोपऱ्यात रात्याची रोपं वीतभर झाली होती. लाल तांदळाचं हे जुनं भात, थोडा खारेपणा सोसणारं. पण थोडाच. एकदा खाडीचं पाणी शेतात शिरलं की तीन पावसाळे धुतल्याशिवाय तिथे काही येत नाही. आणि तीन वर्षं बी मडक्यात राहिलं तर ते बी राहत नाही, कोंबड्यांचं खाणं होतं.

हे बी रंभाने, त्याच्या बायकोने, निवडलेलं होतं. दरवर्षी कापणीच्या आधी ती शेतात एकटीच फिरायची आणि मनाला येतील ती कणसं ओंजळीत घेऊन यायची. गेल्या आश्विनात तिला चालवत नव्हतं, तरी बांधावर बसून तिने बोटाने दाखवली आणि कमळाकरने खुडली. एकदा चुकीचं कणीस खुडलं तेव्हा म्हणाली, "चाळीस वर्षांत येवडं तरी शिकायचं होतंस." पौषात ती गेली.

बांध सांभाळायची गावाची एक रीत होती. तिला जोळ म्हणत. पाऊण मैलाचा बांध कुणा एकाचा नव्हता. पाझर दिसला की जोळाचा म्होरक्या घरोघर जाऊन दारातूनच म्हणायचा, "बांधावर या." मग ज्याची आत जमीन आहे त्याच्या घरचं एक माणूस फावडं-घमेलं घेऊन निघायचं. पाच एकरवाल्याचंही एक आणि पाच गुंठेवाल्याचंही एकच. माती काढायची ती बांधाला लागून असलेल्या शेतातून. ज्याच्या शेताला खड्डा पडला त्याचं शेत माघ महिन्यात सगळ्यांनी मिळून सपाट करून द्यायचं. कमळाकरच्या लहानपणी दीडशे माणसं बांधावर यायची. खांड बुजली की तिथेच उभ्याने गूळ वाटायचे.

तो दिनानाथकाकाकडे गेला. दिनानाथ हा जोळाचा शेवटचा म्होरक्या. आता त्याचं घर तीन मजल्यांचं होतं आणि तो खालच्या मजल्यावर खिडकीपाशी गुडघ्यांना तेल लावून बसलेला असे. त्याची सून भाविका चहा ठेवून गेली. कमळाकरने पाझराचं सांगितलं. म्हाताऱ्याने जागा विचारली, धार केवढी ते विचारलं, पाणी गढूळ होतं की निवळ तेही विचारलं. गढूळ म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"कोनाकोनाला हाक मारू, काका?" कमळाकरने विचारलं.

दिनानाथ ओठ हलवत घरं मोजू लागला. एकेका घराला एक बोट मिटत होता आणि थोडं थांबून तेच बोट पुन्हा उघडत होता. शेवटी सगळा पंजा उघडाच राहिला.

"जमीन इकली त्याला हाक मारायची नाय," तो म्हणाला. "नेम हाय. मीच घातलेला."

"म्हाईत हाय."

"मंग ऱ्हायला कोन? तूच. जा घरी, दार वाजव, नि सोताला हाक मार."

दोघंही हसले. मग दिनानाथ खिडकीबाहेर बघू लागला. त्याने स्वतः सहा वर्षांपूर्वी दोन एकर दिली होती.

नेम होता तरी कमळाकर सुभाषकडे गेला. सुभाष त्याचा चुलतभाऊ. त्याच्याकडे दोन पोकलेन होते, उलव्याच्या कामांवर चालत. त्यातला एक तासभर मिळाला तरी काम झालं असतं. सुभाषने त्याला आत बसवलं, जेवायचा आग्रह केला, वहिनी गेल्यापासून तू वाळलास म्हणाला. पोकलेनचं मात्र त्याने सरळ सांगितलं. यंत्र तिथवर जाणार नाही, चिखलात बसेल. शिवाय जमीन आता विकत घेणाऱ्या पार्टीची. पार्टी त्या सगळ्यावर दहा फूट भराव टाकणार आहे. भरावाला बांध लागत नाही.

"दादा, तुजं किती हाय?" सुभाषने हळूच विचारलं. "अकरा गुंठं. मोठं शेत असतं तर बांध परवडतो. अकरा गुंठ्यांनी खाडी अडवायची म्हंजी रुमालानं छप्पर शाकारायचं."

त्यात टोमणा नव्हता. कमळाकरला तेच जड गेलं. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

घरी येताना त्याला खारघरच्या कॉलेजातली ती मुलगी आठवली. रुचिरा. आठवड्यापूर्वी ती फोनमधला फॉर्म भरत शेताच्या कडेला उकिडवी बसली होती. शेत केवढं असलं म्हणजे शेती टिकते, असा काहीतरी तिचा अभ्यास होता. रासायनिक खत? नाही. बियाणं? घरचं. फवारणी? नाही. पाणी? पावसाचं. प्रत्येक उत्तराला तिचा चेहरा खुलत गेला. तिने तालुक्यातली चाळीस शेतं पाहिली होती, त्यात काही वीस-वीस एकरांचीही होती. असं शेत एकही नव्हतं म्हणे. मग तिने क्षेत्र विचारलं. कमळाकरने सांगितलं. तिने तीनदा बोट दाबलं, फोन घेईना.

"लागवडीखाली वीस गुंठ्यांच्या खालचं घेतच नाही हा," ती ओशाळून म्हणाली. "काका, यादीत आलं असतं ना, तर बांधाच्या दुरुस्तीचं आम्ही खात्याला लिहिणार होतो. मी सरांना विचारते."

जाता जाता तिने विचारलं होतं की एवढंसं शेत इतकी वर्षं टिकलं कसं.

"शेत कुठं टिकतं," कमळाकर म्हणाला होता. "बांध टिकतो."

हे तिने वहीत लिहून घेतलं. लिहिण्यासारखं त्यात काय होतं ते त्याला कळलं नव्हतं.

त्रयोदशीला पहाटे, ओहोटी लागल्यावर, तो फावडं घेऊन बांधावर गेला. गोमा आणि दिपा आधीच येऊन बसले होते. त्यांना त्याने बोलावलं नव्हतं.

"माजी झोपडी बी आतच हाय, शेट," गोमा म्हणाला. "तुमच्या जोळात आमाला कदी हाक नवती. आमचं गुंठं नाय ना. आता हाक मारनाराच नाय, म्हनलं जावं."

बांधाला लागून तेरा गुंठ्यांचा तुकडा होता. गोमाने तिथे पहिलं फावडं मारलं आणि पत्र्याच्या शेडमधून वॉचमन धावत आला. माणूस वाईट नव्हता. त्याने ऑफिसला फोन लावला, कमळाकरच्या कानाला धरला. पलीकडून एक मुलगी म्हणाली की सर मीटिंगमध्ये आहेत आणि प्लॉटमधून माती उचलता येणार नाही. कमळाकरने तिला सांगायचा प्रयत्न केला की ही माती कुठे जात नाही, चार पावलांवर बांधातच राहते. ती म्हणाली, तसं लेखी द्या. वॉचमनने हात जोडले. चालत जा, डोक्यावरून काय न्यायचं ते न्या, फक्त इथे खणू नका.

तो तेरा गुंठ्यांचा तुकडा दोन वर्षांपूर्वीपर्यंत कमळाकरचा होता.

त्याच्याकडे दोन तुकडे होते. बांधाकडचे तेरा, आणि त्याच्या वरच्या अंगाला हे अकरा. रंभाचं दुखणं वाढलं तेव्हा एक विकणं भाग होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या ती म्हणाली होती, "वरचं इक. बांधाकडचं नको. उद्या माती कुठनं काडशील?" त्याला ते आजारी माणसाचं बोलणं वाटलं. वरची जमीन गोडी, बांधाकडची खारवट. वरच्यात रोप टाकलं की हसतं. कुठला शेतकरी चांगली जमीन विकून खारवट ठेवेल? त्याने बांधाकडची विकली आणि सह्या झाल्यावर तिला सांगितलं. ती सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

वॉचमन शेडमध्ये गेला. गोमा फावडं खांद्याला लावून उभा राहिला. दिपा पालथ्या घमेल्यावर बसली होती, ती उठली.

कमळाकरने डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला, पुन्हा बांधला. मग तो वर आपल्या शेताकडे चालू लागला. ते दोघं मागून आले. रोपांचा कोपरा सोडून तो पार दुसऱ्या टोकाला गेला, पायाने एक रेघ ओढली आणि त्या रेघेच्या पलीकडे फावडं घातलं.

"शेट," गोमा म्हणाला.

"वीतभरच खना," कमळाकर म्हणाला. "खोल गेलं तर खालचं खारं पानी वर येतं. रुंद घ्या."

दिपाने पहिलं घमेलं उचललं. ते डोक्यावर सारखं करत ती म्हणाली, "लुगडं फाडून लुगड्यालाच ठिगळ."

तीन दिवस ते हेच करत होते. कमळाकर खणायचा, गोमा आणि दिपा वाहायची, दमले की अदलाबदल. पाऊस मधेच यायचा आणि घमेल्यातली माती जड करून जायचा. बांधावर माती टाकली की कमळाकर ती पायांनी तुडवी, बिळांच्या तोंडांत पेंढा कोंबी. पहिल्या संध्याकाळी रेघ शेतात चार पावलं सरकली होती. दुसऱ्या दिवशी आणखी चार. काळी, मऊ, गांडुळांनी भरलेली माती. रंभाने सतरा वर्षं तिच्यात घरचं शेण कालवलं होतं. बांधाला असली माती लागत नाही, बांधाला चिकट आणि मुकी माती लागते. दुपारी समीक्षाचा, मुलीचा, खांदा कॉलनीतून फोन आला. बाबा, पाठीला जपा म्हणाली. तो म्हणाला, लावणीची तयारी चाललीय.

पुनवेला पाणी बांधाच्या माथ्यापासून दोन हात खाली थांबलं. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत त्यांनी शेवटची घमेली टाकली. रेघ आता रोपांच्या बाजूला बरीच आली होती. कमळाकर तिच्याकडे बघत नव्हता.

साडेबाराला पाणी नव्या मातीला लागलं. तिघं बांधावर उभे राहिले. करायचं काही उरलं नव्हतं. पाणी एक बोट चढलं की गोमा तोंडाने चक् करायचा. डोक्यावरून एक विमान चाकं काढून खाली उतरत गेलं. एके ठिकाणी माती घसरली. दिपा त्यावर सरळ बसली, पाठ टेकून, आणि उठली नाही.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. दिनानाथ येत होता. रिक्षा रस्त्यावर सोडून तेवढं अंतर तो गवतातून एकटा चालत आला होता आणि त्याला धाप लागली होती. कमळाकर पुढे झाला.

"काका, तुमी कशाला?"

"हाक मारली नाय तू मला," दिनानाथ म्हणाला. "नेम मोडला नाय. मी आपला फिरत आलो."

तो बांधाच्या पायथ्याशी वाकला. वाकायला त्याला वेळ लागला. सांडलेल्या मातीची एक मूठ त्याने उचलली, दिपाच्या बाजूला जिथे माती घसरली होती तिथे दाबली आणि अंगठ्याने सारखी केली. दुसऱ्यांदा वाकणं त्याला जमलं नाही. काठीवर भार देऊन तो तसाच उभा राहिला.

एक वाजून गेल्यावर पाणी थांबलं. बराच वेळ ते चढतही नव्हतं आणि उतरतही नव्हतं. मग नव्या मातीवर एक ओली रेघ दिसली, तिच्याखाली पाणी. गोमाने चक् केलं नाही. तो मटकन खाली बसला.

"ऱ्हायला," दिनानाथ म्हणाला.

दिपा उठली. तिचं लुगडं कमरेपासून चिखलाने काळं झालं होतं. ती खाडीकडे बघून म्हणाली, "पंधरा दिसांनी आवस हाय. तवा माती कुठली?"

दिनानाथने वळून वरच्या शेताकडे पाहिलं. शेताच्या खालच्या टोकाला खड्डा पसरला होता आणि त्यात पावसाचं पाणी साठून आभाळ दिसत होतं. "माघात समद्यांनी भरून द्यायचा," तो सवयीने म्हणाला.

कमळाकर शेतात गेला. रोपं ठीक होती. चार दिवसांत लावणीला येणार होती. तो त्यांच्याजवळ उकिडवा बसला आणि एक रोप उगाच सरळ केलं. तेव्हा खिशातला फोन वाजला.

"काका, मी रुचिरा. ऐका ना, मी सरांशी भांडले." तिचा आवाज धावत आल्यासारखा होता. "दहा गुंठ्यांपर्यंत खाली येऊ म्हणाले. तुमचं अकरा आहे, म्हणजे बसतं. बांधाचं पत्र पण जाईल. फक्त लागवडीखालचं सलग दहा हवं, पडीक धरायचं नाही. अकरा लिहू ना?"

दिनानाथ तोवर कडेपर्यंत आला होता. फोनमधला आवाज त्याला ऐकू गेला असावा. तो काठीवर वाकून हळू म्हणाला, "अकरा सांग."

गोमा आणि दिपाही येऊन उभे राहिले होते. कमळाकरने तिघांकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे. रेघ किती सरकली ते त्याने तीन दिवस मोजलं नव्हतं.

"ताई, जरा थांबा," तो म्हणाला. "मोजून सांगतो."

त्याने फोन तसाच चालू खिशात ठेवला. रोपांच्या कोपऱ्यात जाऊन शेताच्या कडेच्या बांधाला टाच टेकवली आणि तो पावलं टाकत निघाला. आकडे तो मनात मोजत होता. ओठ हलत होते. पाण्याच्या काठाशी तो थांबला. एक पाऊल पुढे उचललं, पाण्यावर धरलं, आणि मागे घेतलं.

"काका?" खिशातून आवाज आला. "आहात ना?"

कमळाकर वळला, पुन्हा रोपांच्या कोपऱ्याकडे गेला. बांधाला टाच टेकवली. आणि पहिल्यापासून मोजू लागला, या वेळी पावलं जरा जवळजवळ टाकत.